झोपू नकोस, नाव सांग

छापखान्यात वरच्या फळीवरून कागदाचा गठ्ठा त्याच्या डोक्यात पडला. टाके पडले, सूज उतरली, आणि जो तो म्हणू लागला, जिवावरचं शेपटावर निभावलं. बोलणाऱ्याचं काय जातं? झोप गेली होती ती त्याची.

रात्री छताकडे बघत पडायचं आणि दिवसा पुठ्ठ्याला खळ लावता लावता ब्रश हातात धरून पेंगायचं, असं त्याचं चाललं होतं. पुठ्ठे चिकटवणं हे काही त्याचं काम नव्हे. तो कटिंग मशीनवरचा माणूस. सगळे त्याला कटरच म्हणत. कागदाची जाडजूड चळत एका घावात कापायचा, केसाचा फरक पडत नसे. पण मालकाने त्याला पात्यापासून लांब बसवलं.

"डुलकी लागली तर बोटं वहीच्या मापाची होतील तुझी," मालक म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. कटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता घरातली तऱ्हा ऐका. अपघात झाला त्या संध्याकाळी दवाखान्यातून सोडताना तिथल्या तरुण डॉक्टरने आईला बजावलं होतं, "दर दोन तासांनी उठवा, नाव विचारा." आईने खूणगाठ बांधली. महिने उलटले तरी रात्री आई हजर! खांदा गदागदा हलवायची. "झोपू नकोस, नाव सांग." तो दातओठ खात नाव सांगायचा, ती समाधानाने जायची, आणि मोठ्या मिनतवारीने लागलेला त्याचा डोळा पुन्हा म्हणून लागायचा नाही. कडी घातली तर ती दार बडवायची. भांडलं तर एकच पालुपद, "तू काय डॉक्टरपेक्षा शहाणा?" मग तो कडी काढायचा. डोक्यात खरंच काही राहिलं असलं तर, ही भीती त्यालाही होतीच.

शेवटी परवा "नाव सांग" म्हटल्याबरोबर तो गरजला, "तुझा बाप!"

दुसरी कुठली आई असती तर तिने एक ठेवून दिली असती. ही पांढरीफटक पडली. पोरगा स्वतःला आपला आजोबा समजायला लागला, असा सरळ अर्थ तिने काढला आणि शेजारीपाजारी गोळा केले. शेजारचे मास्तर चष्मा लावून त्याला पाढे विचारायला लागले. कटरने मास्तरांचाही उद्धार केला. मग सगळ्यांचं एकमत झालं की प्रकरण हाताबाहेर गेलंय, मोठ्या डॉक्टरकडे न्या.

मोठ्या हॉस्पिटलात शिरता शिरता मालकाचा फोन आला. "मशीनसाठी एक माणूस आलाय. आज प्रेस बंद व्हायच्या आत माझ्यासमोर येऊन उभा राहा. मला तुझे डोळे बघायचेत. नाही आलास तर मशीन त्याला दिलं."

डॉक्टरीणबाई शांत होत्या. कटरला शांत माणसांचा हल्ली संताप यायचा. या रात्री झोपत असणार, असं त्याच्या मनात यायचं.

"रात्री किती वेळा जाग येते?" त्यांनी विचारलं.

"येत नाही. आणतात."

"कोण?"

त्याने हनुवटीने आईकडे दाखवलं. आई ताठ बसली. "मी! तुमच्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, उठवून नाव विचारा म्हणून. एकदासुद्धा चुकवलं नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, ते पहिल्या रात्रीपुरतं असतं."

"पण कधीपर्यंत ते कुणी बोललंच नाही," आई पुटपुटली.

कटरचा बांध फुटला. "ऐकलंस? पहिल्या रात्रीपुरतं! माझं डोकं त्या गठ्ठ्याने फोडलं नाही एवढं तू फोडलंस! माझं मशीन हातचं चाललंय तुझ्यापायी!"

आई पदराशी चाळा करत राहिली. एरवी ती एकाला दहा ऐकवायची. त्याने तो आणखीच चिडला.

"सगळी झोप काही त्यांनी नेलेली नाही," बाई म्हणाल्या. "डोक्याला मार बसला की झोपेची घडीच विस्कटते. रोज ठरल्या वेळी उठायचं, दुपारी लवंडायचं नाही. अजून काही आठवडे मशीनवर नको. पण झोप बसेल. तसं मालकाला सांगा."

सांगायला वेळेत पोचायला हवं ना! औषधांच्या खिडकीपुढे ही रांग. त्याने आईला बाकावर बसवलं. गोळ्या घेऊन तो परतला, तिच्याशेजारी टेकला आणि म्हणाला, "चल, ऊठ."

आई उठली नाही. तिची मान कलंडली आणि त्याच्या खांद्यावर आली. तोंड उघडं, डोळ्यांखाली काळं. भर गर्दीत ती घोरत होती. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला उठवायला ही रोज जागी राहत होती. हिच्या डोक्यात काही पडलं नव्हतं. हिच्या झोपेचं कुणी विचारलंही नव्हतं.

दारावरचा रखवालदार आला. "ओ बाई, इथे झोपायचं नाही." त्याने हात पुढे केला.

"हात लावून तर बघ," कटर दबक्या आवाजात गुरगुरला. रखवालदार त्याच्या डोळ्यांकडे बघून मागे सरकला.

खिशातला फोन थरथरला. मालक.

"निघालास का?"

"आई झोपलीये."

"मग उठव की!"

त्याला मशीन आठवलं. त्या नव्या माणसाला पात्याची धार तरी कळेल का, हेही मनात आलं. मालकाचा राग आला, त्या तरुण डॉक्टरचा आला, स्वतःचा तर फारच आला.

"नाही उठवणार."

"मशीन जाईल, सांगून ठेवतो."

"ओरडू नका," कटर म्हणाला, "ती जागी होईल." फोन बंद करून तो तसाच धुमसत, खांदा न हलवता बसून राहिला.