पुलापर्यंतची रेंज

बिनतारी यंत्रणेने माणूस आणि मदत यांच्यातले अंतर कायमचे मिटवले आहे, असे उद्घाटनाच्या भाषणात मोठे साहेब म्हणाले. मिटले हे खरे, पण टेकडीवरच्या टॉवरपासून नदीवरच्या पुलापर्यंतच. पुलापलीकडे रेंज नव्हती, आणि साहेबही पुलापलीकडे राहत नव्हते.

रुग्णवाहिकांमधले जुने खरखरणारे वायरलेस संच भंगारात गेले. ड्रायव्हरांचे मोबाइल कामाच्या वेळात कपाटात गेले. प्रत्येक गाडीत एक पडदा आला. रेंजबाहेर गेलेली गाडी हरवली असे कंट्रोल रूममधले, गाड्या पाठवणारे यंत्र धरी, म्हणून नियम निघाला : रेंज गेली की मागे फिरायचे आणि नव्या हुकमाची वाट पाहायची. पुलापलीकडून हाक आली की एक गाडी पुलापर्यंत जाई आणि परत येई. मग यंत्र दुसरी पाठवी.

कंट्रोल रूममध्ये हाका नोंदवायला बसलेली ताई हे पाहत असे. तिचे माहेर पुलापलीकडे. एका दुपारी धाकट्या भावाचा फोन आला, अर्थातच तारेचा.

“ताई, बाबांच्या छातीत कळ येतेय. घामाने भिजलेत.”

“गाडी पाठवते. त्यांना चालवू नकोस.”

पहिली गाडी पुलावरून परतली. दुसरीही.

“ताई, गाडी पुलावर दिसली गं. वळून गेली.”

“माहितेय.”

“तुझीच माणसं ना ती?”

ताई उठली आणि अंगणात गेली. तिथे पैलवान ड्रायव्हर आपली गाडी पुसत होता. फुंकर मारली तर उडेल असा माणूस, म्हणून पैलवान.

“पुलापलीकडे चला. पडदा गेला तरी फिरू नका.”

“मागच्या खेपेला फिरलो नाही, तर आठवडाभर घरी बसवलं. बायको म्हणाली, यापेक्षा पेशंट परवडला.”

“माझे बाबा आहेत, पैलवान.”

“मग आधी नाही का सांगायचं? बसा. पण तुमच्या खुर्चीत कोण?”

“यंत्र आहे की.”

पुलावर पडदा काळा झाला. पैलवानाने त्यावर आपला रुमाल टाकला आणि गाडी दामटली.

घरात भाऊ बाबांचे तळपाय चोळत होता. पैलवानाने बाबांचे मनगट हातात धरले, नाडी शोधत बराच वेळ धरून ठेवले.

“पुरे आता, दादा,” भावाचे हात बाजूला करत तो म्हणाला.

संध्याकाळी कंट्रोल रूममध्ये ताईने आपल्या रिकाम्या खुर्चीमागून पडद्याकडे पाहिले. बाबांची हाक अजून उघडीच होती, आणि यंत्राने पुलाकडे आणखी एक गाडी पाठवली होती.