सातव्या महिन्यातली सुई

मुंबईच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि हेमचंद्रला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. जिना उतरताना तो बायकोला म्हणाला, "मीनलच्या हृदयाला जन्मापासून भोक आहे म्हणे."

कुमुदिनीने तीन वर्षांच्या मीनलला उराशी घट्ट धरलं. भोक कशाने पडलं, ते तिने विचारलंच नाही. तिला ठाऊक होतं.

मीनलच्या वेळी सातव्या महिन्यात एका सकाळी सूर्यग्रहण होतं. काही चिरू नकोस, टोचू नकोस, असं सासूबाईंनी पत्रातून बजावलं होतं. पण हेमचंद्र कारखान्यात जायला निघाला आणि सदऱ्याचं बटण तुटलं. "पटकन लाव गं, उशीर होतोय." तिने चार टाके घातले.

हे तिने कोणालाच सांगितलं नाही. अंबरनाथच्या त्यांच्या चाळीत दुपारी बायका एकत्र बसत. कुमुदिनी दार लोटून घेई. शिवमंदिरात जाई, पण हात न जोडताच परत फिरे. मीनल चार पावलं धावून धापा टाकत खाली बसली की कुमुदिनीला वाटे, आपणच टोचलंय पोरीला.

त्या हिवाळ्यात मीनलचा खोकला हटेना. हेमचंद्र कामावर होता. कुमुदिनी एकटीच टांगा करून उल्हासनगरला गेली. तिथे फाळणीनंतर कराचीहून आलेल्या डॉक्टर मीरचंदानीबाई निर्वासितांच्या बराकीत दवाखाना चालवत. त्यांनी मीनलची छाती बराच वेळ तपासली. त्यांचा हात इतका मायेचा होता, की कुमुदिनीच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "बाई, ग्रहणात मी सुई धरली होती. सातव्या महिन्यात."

बाई हसल्या नाहीत. कागद ओढून त्यांनी एक चौकोन काढला.

"बघ बेटी. आईच्या पोटात हृदय आधी एकच खोली असतं. सगळ्यांचं. तुझं, माझंही. मग मध्ये भिंत चढत जाते. दुसरा महिना सरेपर्यंत ती पुरी होते. हिची थोडी राहून गेली."

"दुसरा?"

"दुसरा. तेव्हा तर तुला दिवस गेल्याचं नीट कळलंही नसेल. सातव्यात तू तलवार चालवली असतीस तरी हे भोक पडलं नसतं."

"मग कशाने राहिली भिंत?"

"ते कोणालाच माहीत नाही. भोक लहान वाटतंय. त्यातून रक्त जाताना छातीत आवाज मोठा येतो, पण लहान भोकाचाच आवाज मोठा असतो, त्याला घाबरायचं नाही. ताप, खोकला अंगावर काढू नकोस. वजन लिहून ठेव. बाहेरदेशी आता ऑपरेशनं करू लागलेत. हिला गरज पडेल असं मला वाटत नाही."

संध्याकाळी तिने हेमचंद्रला सगळं सांगितलं. तो गोंधळला. "कुठलं बटण?" त्याने विचारलं. "आणि इतकी वर्षं मनात ठेवलंस? मला सांगायचंस की."

त्याला ती सकाळ आठवतच नव्हती. तीन वर्षं ती त्या सकाळीच अडकून पडली होती. आता सुटली होती, पण ते सुटणं ज्याला कळेल असं कोणी समोर नव्हतं. ती उठून भाकऱ्या थापायला बसली.

सातव्या वर्षी मीनल शाळेत गेली. छातीतला आवाज होताच. वजन मात्र भरत होतं. पहिल्या दिवशी ती वाटेत दोनदा थांबली. कुमुदिनीने तिला उचललं नाही. शेजारी उभी राहिली, आणि पोरगी आपणहून निघाल्यावर मागोमाग चालू लागली.