तिसऱ्या कंप्युटरची वायर

"अप्पा, आज मशीन नको हं. आवाज फोनवर जातो."

"बरं बाई. काजं-बटणं करतो. सुईचा आवाज तुझ्या बंगळुरूपर्यंत पोचत नाही ना?" नागोजीराव म्हणाले.

काव्या हसून आत गेली. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या त्या घरात पुढे नागोजीरावांचं टेलरिंगचं दुकान होतं आणि मागे एक मोठी खोली. कापड बेतायचं टेबल त्यांनी स्वतःच खोलीतून दुकानात ओढून आणलं होतं. त्या जागी आता दोन कंप्युटर होते. एक काव्याचा, दुसरा तिच्याच कंपनीत काम करणाऱ्या शेजारच्या भव्याचा. तिसरा संध्याकाळी यायचा होता. कंपनीने सरळ सांगितलं होतं: आज ग्राहकांचे फोन घरून नीट घेतले तर म्हैसूरलाच राहा, नाहीतर सोमवारपासून बंगळुरूच्या ऑफिसात या. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच होती.

इंटरनेट सगळ्या कंप्युटरना वाटून देणारी छोटी डबी दुकानाच्या भिंतीवर होती. तिसऱ्या कंप्युटरसाठी लावून ठेवलेली वायर तिच्यातून खाली लोंबत होती. नागोजीरावांची नजर सारखी तिकडे जाई. सुटा दोरा ठेवून त्यांनी कधी गिऱ्हाइकाला कपडा दिला नव्हता. डबीत एक भोक रिकामं दिसलं. त्यांनी वायरीचं टोक उचललं, धोतराला पुसलं आणि त्यात दाबलं. डबीवरचे सगळे दिवे भराभर लुकलुकू लागले. त्यांना बरं वाटलं.

"अय्यो काव्या, एल्ला होय्तु!" आतून भव्या ओरडली. "सगळं गेलं!"

"काय झालं गं?" त्यांनी दारातून विचारलं.

"गोत्तिल्ल अप्पा, काही कळत नाही. थांबा जरा."

दोघी कंप्युटर बंद-चालू करत राहिल्या. डबीकडे बघायचं काव्याला सुचलं तोवर ग्राहकांचे फोन दुसरीकडे वळवले गेले होते. एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच डबीत. आतले निरोप तिथेच गरगरत राहिलेले. तिने एक टोक उपसलं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"माझी चूक, सर," ती कन्नडमध्ये म्हणाली. "वायर मीच चुकीची लावली."

तिने फोन ठेवला.

"ती मी लावली की," नागोजीराव म्हणाले.

"माहीत आहे."

"मग खोटं कशाला सांगितलंस?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर हसले असते ते. मला नसतं चाललं."

"मग सोमवारी जायचं?"

"सोमवारी."

संध्याकाळी तिसरा कंप्युटर आला. खोका कुणी उघडला नाही. नागोजीरावांनी कपाटातून करड्या लोकरी कापडाचा तागा काढला.

"तिकडे पहाटे गार असतं म्हणतात. उभी राहा."

"आहे की स्वेटर, अप्पा."

"सुम्ने, गप्प उभी राहा गं. मान सरळ."

त्यांनी टेप लावून खांद्याचं माप घेतलं. नेहमीसारखं मोठ्याने सांगितलं नाही. मग तेच माप पुन्हा घेतलं. काव्या हलली नाही.