एकशे सदुसष्ट सल्ले आणि एक मिक्सर

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. ‘जुना’ हे विशेषण माझं नाही. ते एका गृहस्थांनी माझं तोंडही न बघता मला बहाल केलं, आणि त्याला नव्वद जणांनी ‘लाइक’चा अंगठा देऊन दुजोरा दिला. मला राग आला आहे. तो का आला, तेवढं सांगतो.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला. धर्मेशशेठ नावाच्या सिंधी गृहस्थांचा तिथे गाळा होता. खाली दुकान, वर पोटमाळ्यावर कारखाना. कारखाना म्हणजे चार टेबलं, तांब्याच्या तारेची रिळं आणि एक पंखा. तो फक्त शेठ वर आले की लागायचा. माझी मोटर तिथे हातानं गुंडाळली गेली. माझ्या अंगावर कुठल्याही बड्या कंपनीचं नाव नाही. उल्हासनगरचा माल म्हटलं की लोक हसतात. हसणाऱ्यांचे तीन मिक्सर मी राहतो त्या बिल्डिंगमध्ये माझ्यानंतर आले आणि माझ्याआधी भंगारात गेले, एवढं नम्रपणे नमूद करतो.

मला विकत घ्यायला सुंदराबाई आल्या, त्या पिशवीत हळकुंडं घेऊनच.

“चालवून दाखवा,” त्या म्हणाल्या.

“भाभी, नया पीस आहे. हळद डाली तर पिवळा होईल ना.”

“होऊ दे पिवळा. घरी नेऊन बंद पडला, तर मी पिवळी पडेन.”

शेठनी चालवून दाखवला. हळद त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाली. “साईं, ये बाई मेरेको धंदा सिखायेगी,” असं पुटपुटत त्यांनी मला खोक्यात भरलं. त्या दिवसापासून मी बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यातल्या एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर आहे. त्याला अठरा वर्षं झाली.

या अठरा वर्षांत मी काय वाटलं नाही? खोबरं, पुरण, लसणीची चटणी, इडलीचं पीठ, अख्ख्या मजल्याचा मसाला. लग्नघरची मंडळी मला मागायला यायची. सुंदराबाई मला द्यायच्या, पण स्वतः बरोबर जायच्या. मला हात लावायची परवानगी घरात एकाच माणसाला होती. एका वर्षी नदीचं पाणी जिन्याच्या पायऱ्या चढायला लागलं, तेव्हा घरातल्यांनी टीव्ही उचलला आणि सुंदराबाईंनी मला. पोटाशी धरून त्यांनी मला गच्चीवर नेलं. टीव्हीला पाणी लागलं, मला लागलं नाही. कौतुक म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

गेल्या दिवाळीनंतर सुंदराबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजत मात्र सगळं होतं. हॉस्पिटलातून घरी सोडताना डॉक्टरांनी सून उमा हिला बजावलं, “चावायला लागेल असं काही द्यायचं नाही, आणि पातळ तर अजिबातच नाही. पातळ घशातून भलतीकडे वळतं आणि छातीत उतरतं. सगळं श्रीखंडासारखं हवं. दाट, पण एकही गुठळी नको.”

म्हणजे दिवसातून तीन वेळा मी. ज्यांनी मला अठरा वर्षं सांभाळलं, त्यांचा घास आता माझ्यावर होता. एवढी जबाबदारी मला कुणी कधी दिली नव्हती.

उमा चांगली मुलगी आहे. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या ऑफिसात ती काम करते. तीन-तीन विभागांची पत्रं तिच्या हाताखालून जातात. पण मला तिनं तोवर कधी हात लावलेला नव्हता. आणि तिला एक सवय होती. काही अडलं की ती ‘विचारा बिनधास्त’वर विचारायची.

हा उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरकरांचा ऑनलाइन ग्रुप. सदस्य चाळीस हजार. उमा त्यावरचं सगळं मोठ्यानं वाचते, म्हणून मला तो पाठ आहे. विठ्ठलवाडीला स्टेशनजवळ घरगुती डबा कोण देतं? मांजराला दही चालतं का? शर्टावरचा शाईचा डाग कसा घालवावा? भाडेकरू गॅलरीत कबुतरं पाळतो, काय करावं? या ग्रुपवर ‘मला माहीत नाही’ असं लिहिण्याची पद्धत नाही. ज्याला माहीत आहे तो दोन शब्द लिहितो, ज्याला माहीत नाही तो परिच्छेद लिहितो, आणि ज्याच्याकडे तेवढंही नाही तो ‘फॉलोइंग’ असं लिहून रांगेत उभा राहतो.

एका रविवारी अकराच्या सुमाराला उमानं भात, वरण आणि उकडलेलं गाजर माझ्या भांड्यात काठोकाठ भरलं. दाट हवं म्हणून पाण्याचा थेंब घातला नाही. मी रेटलं, रेटलं, आणि थांबलो.

मित्रांनो, मी मेलो नव्हतो, मी थांबलो होतो. ताण फार झाला की माझी मोटर जळू नये म्हणून आतला स्विच उडतो. पाच मिनिटं थांबायचं, भांड्यातलं थोडं कमी करायचं, मला उलटं करायचं आणि तळाचं लाल बटण दाबायचं. बस्स. हा माझा रोग नव्हे, माझी अक्कल आहे.

समोर हॉलमध्ये पलंगावर सुंदराबाई होत्या. माझा आवाज तुटल्याबरोबर त्यांनी डावा हात उचलला आणि पंजा उलटा केला. सुलटा, उलटा. सुलटा, उलटा.

“कूस बदलायची का आई?” उमानं विचारलं, आणि त्यांना भिंतीकडे वळवलं.

सुंदराबाई भिंतीकडे बघत पंजा उलटा-सुलटा करत राहिल्या. उमानं फोन उचलला.

‘मिक्सर अचानक बंद पडला. काय करू? अर्जंट.’

अकरा मिनिटांत तेवीस उत्तरं आली. त्यात काय वाटत होता, किती भरला होता, आधी असं झालं होतं का, हे एकानंही विचारलं नाही. डॉक्टरसुद्धा आधी जीभ दाखवा म्हणतो.

पहिले आले विष्णुपंत. अंबरनाथ पूर्वेला राहतात, कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहेत, आणि त्यांच्या नावापुढे ग्रुपनं तारा लावला आहे. त्यांनी लिहिलं, ‘ताई, चाळीस वर्षं मशिनरीत काढली आहेत. जुन्या मिक्सरच्या पात्यांची धार जाते. मूठभर जाडं मीठ घालून दोन मिनिटं फिरवा.’

अहो, मी फिरत नाही हीच तर तक्रार आहे! मीठ फिरवायला मी फिरायला नको का? पण नव्वद अंगठे पडले होते. उमानं मीठ घातलं, बटण फिरवलं. मी गप्प. मिठासकट गप्प.

मग खोबरेल तेल. मग बुडाला केस वाळवायचं मशीन. मग ‘आग्नेयेला तोंड करून ठेवा.’ मग ‘जुन्या वस्तूत जीव अडकवू नका, नवीन घ्या,’ आणि खाली सेलची लिंक. दोघं तिसऱ्याच विषयावर भांडले. एकानं मधेच विचारलं, ‘हेंद्रेपाड्यात वन आरके आहे का?’ शेवटी कुणीतरी लिहिलं, ‘तांदळात पुरून ठेवा. माझा भिजलेला मोबाईल असाच सुरू झाला.’

मी मोबाईल नाही. मी भिजलोही नव्हतो. तरी मला तांदळाच्या पोत्यात गळ्यापर्यंत पुरण्यात आलं.

तोवर दीड वाजला होता. सुंदराबाई सकाळच्या सहा चमच्यांवर होत्या. उमाचा नवरा समीर फोनवरून म्हणाला, “नवीन मागव ना. परवा येईल.”

“परवापर्यंत आई काय खाणार, समीर?”

“ग्रुपवर विचार.”

उमानं भात चाळणीतून घासून बघितला, गुठळ्या राहिल्या. शेजारच्या हिमानीकडे मिक्सर होता. भिंतीला भिंत. पण आजकाल दार वाजवण्याआधी ‘घरी आहेस का’ असा मेसेज करायचा असतो. उमानं केला. त्यावरची खूण निळी झाली नाही, कारण हिमानी त्या वेळी भिंतीच्या पलीकडे बसून उमाच्याच प्रश्नाखाली ‘फॉलोइंग, माझाही आवाज करतो’ असं लिहीत होती.

मग उमानं खरं ते लिहिलं. ‘सासूबाईंना गिळता येत नाही, वाटूनच द्यावं लागतं, सकाळपासून उपाशी आहेत.’

आणि मित्रांनो, जे आत्तापर्यंत मेकॅनिक होते, ते एका क्षणात डॉक्टर झाले. त्यांना काही शिकावं लागलं नाही. ‘ताक द्या, हलकं असतं.’ ‘हो हो, ताकच. माझ्या काकांना तेच देत होतो, ठणठणीत आहेत.’ काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. हे त्यांनी सातव्या ओळीत लिहिलं होतं.

“पण डॉक्टर पातळ नको म्हणाले होते...” उमा स्वतःशीच म्हणाली. डॉक्टर एक होते. ताकाला साठ अंगठे होते. सकाळपासून उपाशी माणूस समोर असला की साठ हा आकडा फार मोठा दिसतो.

तिनं वाटीत ताक घेतलं. सुंदराबाईंनी मान फिरवली. तिनं समजावलं, “थोडंसं घ्या ना आई, माझ्यासाठी.” त्यांनी तिच्यासाठी घेतलं.

दुसऱ्या चमच्याला ठसका लागला. तो थांबेना. चेहरा लाल झाला, मग जांभळा. डावा हात चादर ओरबाडायला लागला. उमानं त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थापट्या मारल्या, ती ओरडली. मी तांदळात पुरलेला. लोखंड, तांबं आणि एक भांडं, यापलीकडे मी कुणी नव्हतो. असा राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि तो काढायला मला वीज मिळत नव्हती.

ठसका भिंतीतून पलीकडे गेला. हिमानी न सांगता आत आली. दोघींनी मिळून त्यांना सरळ बसवलं. घशातलं बाहेर आलं. श्वास आला. घरघरत आला, पण आला. हिमानीनं डॉक्टरांना फोन लावला. संध्याकाळी येऊन छाती तपासतो, तोवर पातळ थेंबही नको, असं ते म्हणाले. आणि बरंच काही म्हणाले, ते उमा मान खाली घालून ऐकत होती.

“अगं, दार वाजवायचं ना!” हिमानी म्हणाली.

“मेसेज केला होता.”

“मी ग्रुपवर होते.”

उमानं ताकाची वाटी मोरीत उपडी केली.

“बरं, तुझा मिक्सर आण,” उमा म्हणाली.

हिमानीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “माझा ना... त्या विष्णुपंतांनी मीठ सांगितलं होतं, म्हणून मी पण घातलं. आतलं काहीतरी तुटलं.”

तेवढ्यात सुंदराबाईंनी पुन्हा हात उचलला. पंजा सुलटा, उलटा.

“कूस का?” उमा पुढे झाली.

“थांब,” हिमानी म्हणाली. “त्या तुझ्याकडे बघतच नाहीयेत. त्या पोत्याकडे बघतायत.”

उमा वळली. माझ्याकडे बघितलं. सुंदराबाईंकडे बघितलं. मग तिनं मला पोत्यातून ओढून काढलं, पलंगापाशी नेलं आणि उलटं केलं. माझ्या जाळीतून तांदूळ चादरीवर सांडले. सुंदराबाईंनी डोळे मिटले, उघडले. डाव्या हाताचा अंगठा तळावर चाचपडत गेला आणि लाल बटणावर थांबला.

टक्.

उमा तिथेच पलंगाच्या काठावर बसली आणि रडली. “आई, तुम्ही सकाळपासून सांगत होतात.” सुंदराबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. त्यांनी भांड्याकडे बोट दाखवलं. भूक लागली होती.

भांडं धुतलं गेलं, या वेळी अर्धंच भरलं गेलं. मी फिरलो. तळातून तांदळाचे दाणे उडत होते, तरी फिरलो. अडीच वाजता सुंदराबाईंनी चौदा चमचे खाल्ले. संध्याकाळी डॉक्टर आले, छाती साफ निघाली.

दुसऱ्या दिवशी उमानं प्रामाणिकपणे लिहिलं, ‘तळाचं बटण दाबायचं होतं. सासूबाईंनी दाखवलं. आणि ताकाचा सल्ला कृपया कुणाला देऊ नका, जीव गेला असता.’ तोवर सल्ले एकशे सदुसष्ट झाले होते. विष्णुपंतांनी उत्तर दिलं, ‘तेच सांगणार होतो. मीठ ही पहिली पायरी होती.’ त्यांना दुसरा तारा मिळाला. ताकवाले तोवर एका बाईंच्या तान्ह्या बाळाच्या खोकल्याकडे वळले होते. सुंदराबाईंचं नाव त्या चर्चेत कुठेच नाही. त्या सदस्य नाहीत.

आठवड्यानं कुणीतरी विचारलं, ‘कुकरची शिटी होत नाही, काय करू?’ उमानं लिहिलं, ‘त्याआधी काय झालं होतं? घरात कुकर रोज कोण लावतं? त्यांना विचारलंत का?’ लगेच उत्तर आलं, ‘ताई, माहीत नसेल तर उगाच कमेंट करू नका.’ त्याला चव्वेचाळीस अंगठे पडले.

म्हणून मित्रांनो, हात जोडता येत नाहीत, तरी सांगतो. वस्तू बंद पडली तर आधी तिला हातात घ्या, फिरवून बघा. ज्यानं ती वर्षानुवर्षं वापरली, त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला बोलता येत नसेल तर जास्त वेळ बसा. शेजारचं दार हातानं वाजवा. आणि तुम्हाला कुणी काही विचारलं आणि ते माहीत नसलं, तर एकदा, एकदाच, गप्प राहून बघा. मी त्या दिवशी साडेतीन तास गप्प होतो. मला काही झालं नाही.

आता उमा वाटायला बसली की भांडं सुंदराबाईंपुढे धरते. “बघा आई, झालं का?” त्या चमच्यानं वाटण ढवळतात, गुठळी शोधतात, आणि डावा हात हलवून सांगतात, अजून थोडं.

मी अजून थोडा फिरतो.