पोटातलं वेटोळं

पेडगावात ईश्वरअप्पांच्या किराणा दुकानामागच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. विभूतीच्या ढिगातून काळा साप निघत होता. खोटं नाही, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघत होता! बोटाएवढा होता, वीतभर झाला, वळला, त्यानं वेटोळं घातलं, आणि "शिव शिव" म्हणत बायकांनी कानाच्या पाळ्या धरल्या.

"बघा, बघा!" गोपीचंदबाबा गरजले. "लेकराच्या आतड्याला इळखा घालून बसला व्हता हा नाग! एक निघाला, अजून दोन हायेत. दिवस मावळायच्या आत तिन्ही भाईर काढतो. पर तवर लेकरू उंबऱ्याभाईर न्यायचं न्हाई. नेलं, तर मंग माझ्याकडं यायचं न्हाई!"

बाबांची विद्या मोठी नेमाची. गोळी पोटावरून फिरवायची, विभूतीवर ठेवून पेटवायची; पोट कुणाचंही असो, नाग तीनच निघायचे.

ईश्वरअप्पांची बायको सिद्धम्मा उंबऱ्यावरच बसल्या होत्या, कुणी बाळाला बाहेर नेऊ नये म्हणून. आत बाळंतीण सून त्रिवेणीच्या मांडीवर त्यांचा नातू होता. अजून बारसंही झालं नव्हतं. रात्रीपासून तो हिरवंगार ओकत होता आणि आता तर रडण्यातही जीव उरला नव्हता. बाबांना बोलावणं धाडलं ते सिद्धम्मांनीच. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नसे. पण श्रावणात, ऐन पंचमीला, पोटुशी असलेल्या त्रिवेणीला उन्हानं भोवळ आली आणि तिनं सरबतासाठी लिंबू कापलं. सिद्धम्मांच्या काळजाला तेव्हाच चरा पडला. कारण त्यांचं स्वतःचं पहिलं लेकरू असंच हिरवं ओकून गेलं होतं. "हिनं पंचमीला काकडी चिरली," असं सासूनं साऱ्या भावकीत सांगितलं होतं. तो डाग त्यांनी जन्मभर अंगावर वागवला.

खरं तर साप निघाला तेव्हा त्यांच्या नाकाला साखर करपल्याचा वास आला होता. दुकानदाराच्या बायकोला साखर कळू नये? पण विभूतीवर शंका घ्यायची म्हणजे पाप. त्यांनी नाकाचं ऐकलं नाही.

तेवढ्यात रिक्षा थांबली. राजशेखरनं, म्हणजे बाळाच्या बापानं, लपून बहिणीला फोन केला होता. धनश्री परभणीत ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवायची. तिनं आत जाऊन बाळाचं दुपटं पाहिलं आणि ती तशीच बाहेर आली.

"आई, ऊठ. हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. रक्त पोचायचं थांबलं तर आतडं मरतं. रिक्षा उभी आहे."

"दोन निघू दे, धनू. माझ्या पहिल्याला वाचवणारं कुणी न्हाई भेटलं. ह्याला भेटलंय."

आईशी वाद घालण्यात वेळ गेला असता. धनश्री राखेशी वाकली, वास घेतला आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. पिठीसाखर, खायचा सोडा, चार थेंब पाणी; गोळी वळून ती अंगणात आली.

"अप्पा, सदरा वर करा."

ईश्वरअप्पा चक्रावले, पण सदरा वर झाला. दुकानात बसून पोसलेल्या त्या पोटावरून गोळी फिरली. नव्या राखेवर तिनं बाबांच्या बाटलीतलं "गंगाजल" ओतलं, वर गोळी ठेवली.

"पोरी, कोप व्हईल!" बाबा ओरडले.

काडी ओढली. निळसर ज्वाळा उठली आणि राखेतून काळा साप वळवळत वर आला. बाबांच्या सापापेक्षा चांगला जाड.

"घ्या! अप्पांच्याबी पोटात नाग निघाला. साखर जळून कोळसा होतो, सोड्यातून वायू सुटतो, तो कोळशाला फुगवून वर ढकलतो. आणि ही गंगा नाही, स्पिरिट आहे. विभूतीला हात लावायची तुमची छाती होणार नाही, हे ह्यांना ठाऊक होतं."

कुणीतरी फिसकन हसलं. बाबा "दोष पार तिसरीकडंच हाय" म्हणत झोळी आवरायला लागले. सिद्धम्मा हसल्या नाहीत. गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चल."

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर धम्मपाल यांनी बाळाला तपासलं आणि लगेच ऑपरेशनला घेतलं. बाहेर बाकावर सिद्धम्मांनी विचारलं, "नाग नव्हता, तर मंग इळखा कशाचा?"

"वेटोळं सगळ्यांच्याच पोटात असतं, आई. गर्भात आतडं आधी सरळ नळी असतं, पातळ पडद्यानं पाठीला धरलेलं. नळी भराभर वाढते, पडदा मागं पडतो. झबल्याच्या बाहीला रबर ताणून शिवतात ना? सोडलं की कापडाला चुण्या पडतात. तशी नळी वळते."

"पर कोणीकडं वळायचं, हे तिला कोण सांगतं?"

"पेशीतली जनुकं. पडद्याच्या डाव्या अंगाला एक जनुक जागं होतं, उजवीकडं ते झोपलेलंच राहतं. डावीकडच्या पेशी दाटीनं बसतात, उजवीकडच्या सैल पसरतात. पडदा कलतो, नळीला दिशा मिळते. अंड्यातल्या पिलांत हे बघितलंय लोकांनी. पडदा सोडवला, तर आतडं सरळच राहतं. आपल्या बाळाचं वळण मधेच चुकलं, म्हणून आतडं नीट बांधलं गेलं नाही आणि आता त्याला पीळ पडला. का चुकलं, ते दर वेळी नाही सांगता येत."

"हे कवा व्हतं?"

"तिसरा महिना संपायच्या आत."

सिद्धम्मांनी बोटांवर महिने मोजले. पंचमीला त्रिवेणीचा पाचवा सरला होता. आणि त्यांचा स्वतःचा, त्या काकडीच्या वेळी, सातवा चालू होता.

"म्हंजी माझ्या काकडीनं..."

"नाही गं आई. काकडीनं काहीच झालं नव्हतं."

त्या पदर तोंडात कोंबून रडल्या. सासूच्या धाकानं जे रडू आलं नव्हतं, ते आता आलं. शेजारी बसलेल्या त्रिवेणीनं सासूचा हात धरला.

डॉक्टर बाहेर आले ते घामाघूम होऊन. "बाळ जिवंत आहे. पण आतड्याचा एक तुकडा काळा पडला होता, कापावा लागला. अजून काही दिवस काळजीचे आहेत. रात्रीच आणलं असतं, तर बहुतेक सगळं वाचलं असतं."



संध्याकाळी शेजारच्या मालनबाईचा फोन आला. तिची सूनही पोटुशी होती. "सिद्धम्मा, कोणाचा दोष निघाला वो?"

"दोष कोणाचाच न्हाई, मालन. उशीर तेवढा माझा," सिद्धम्मा म्हणाल्या. "तुज्या सुनेचं लेकरू हिरवं ओकलं, तर आधी गाडी बघ. देवाला मागून सांगितलं तरी चालतंय. डाक्टरला मागून सांगून चालत न्हाई."