बाईंच्या स्वयंपाकघरातली शांतता

ज्या माणसाने टीव्हीवरून लाखो लोकांना झोपायला शिकवलं, त्याला त्याच्याच घरात कोणीतरी कायमचं झोपवलं, ही बातमी आली तेव्हा कात्री दात घासत होता. तोंडातला फेस तसाच ठेवून त्याने थोरल्या बहिणीला फोन लावला. ताई "हॅलो"च्या भानगडीत पडली नाही. "ऐकलं. ये," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

ताईचा 'खून आणि आपण' नावाचा पॉडकास्ट होता. तो तिच्या बेडरूममधल्या कपाटात रेकॉर्ड होत असे. कोट, रजया आणि भाऊजींचे शर्ट यांच्यामध्ये स्टूल टाकून ताई बसली आणि आतून दार ओढून घेतलं, की बाहेरचा आवाज आत यायचा नाही. भाऊजींनाही आत जाता यायचं नाही. ते विमा कंपनीत होते आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी कालचाच शर्ट घालून ऑफिसला जात. बायकोचं नाव होत होतं, नवऱ्याची कॉलर मळत होती. संसार म्हटला की असं कुठेतरी उसवतंच.

धाकट्या भावाचं खरं नाव घरातसुद्धा कोणी घेत नसे. तो रेकॉर्डिंग कापायचा, म्हणून कात्री. लोकांचे 'अं', 'म्हणजे', घशाची खरखर, श्वास आणि मधले थांबे काढून टाकणं हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दर दोन शब्दांनी घसा साफ करणाऱ्या एका निवृत्त फौजदाराला त्याने असा सफाईदार करून सोडला, की फौजदाराच्या बायकोने 'हे आमचे नव्हेत' म्हणून कळवलं होतं.

कापलेले थांबे मात्र तो टाकून देत नसे. बाहेरच्यांना शांतता म्हणजे सगळी एकच वाटते. तसं नसतं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि कापाकापीनंतर उरलेल्या फटी बुजवायला ती कामाला येते. शिंपी चिंध्या ठेवतो तशा कात्रीने शांतता जमवून ठेवल्या होत्या. त्यांत सगळ्यांत देखणी होती ती बाईंच्या स्वयंपाकघरातली.

बाई म्हणजे खून झालेल्या त्या झोपेवाल्यांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. जन्मभर गणित शिकवलेलं, एकट्या राहणाऱ्या. खून झाला त्या दुपारी त्यांनी दाराच्या फटीतून एका माणसाला जिना उतरताना पाहिलं होतं. पोलिसांनी झोपेवाल्यांच्या ड्रायव्हरला धरलं होतं. पण धरलेला माणूस आणि पाहिलेला माणूस एकच का, हे सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं, आणि ताईने त्याला सगळ्यांच्या आधी गाठलं. बाईंच्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी माईक ठेवून, ताईने आपल्या त्या मऊ आवाजात विचारलं होतं, तो ड्रायव्हरच होता का? बाई म्हणाल्या होत्या, होय, ड्रायव्हरच.

त्या भागाने कहर केला. लोकांनी तो व्यायाम करताना ऐकला, भांडी घासताना ऐकला, न्हाव्याच्या खुर्चीत ऐकला. "होय, ड्रायव्हरच" हे शब्द लोकांनी फोनच्या रिंगला लावले. एका गादीवाल्या कंपनीने जाहिरात दिली. झोपेवाल्याच्या खुनात गादीची जाहिरात शोभते का, असं भाऊजींनी विचारलं, तेव्हा ताई म्हणाली की विमा कंपनीतल्या माणसाने हे विचारू नये.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके सकाळी बाईंचा फोन आला.

ताई कपाटात होती, म्हणून तो कात्रीने घेतला. बाई खुशीत होत्या. येत्या आठवड्यात कोर्टात त्यांची साक्ष होती. आधी त्यांना धाकधूक होती, पण आता मुळीच नाही, कारण रोज जेवण झालं की त्या पॉडकास्ट लावून आपलंच उत्तर ऐकत होत्या.

"किती ठाम बोलले रे मी," बाई म्हणाल्या. "मला वाटत होतं, माझी जरा चलबिचल झाली होती. पण छे. इतकं खणखणीत बोललेय म्हणजे नक्की पाहिलं असणारच ना? तेच सांगणार आता कोर्टात."

कात्री "हो हो" म्हणाला, आणि फोन ठेवून सरळ कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला.

कारण बाईंच्या स्वयंपाकघरातली ती शांतता कुठून आली हे त्याला पाठ होतं. ताईचा प्रश्न आणि बाईंचं "होय" यांच्या मधून आली होती. हात आपोआप चालतो तसा त्याने ती कापली होती, आणि लांब आणि स्वच्छ आहे म्हणून जपून ठेवली होती. नंतर गादीच्या जाहिरातीखाली अंथरली होती तीसुद्धा हीच.

मूळ रेकॉर्डिंग अजून डिस्कवर होतं. ते पुसायचं काम कात्रीचं, आणि आळस हा त्याचा एकमेव सद्गुण. त्याने ते लावलं. ताईचा प्रश्न आला. मग फ्रिजची घरघर. नळाचा एक थेंब. बाईंचा श्वास. पुन्हा घरघर. एवढ्या वेळात चहा गाळून झाला असता, कपात ओतून झाला असता. मग कुठून तरी लांबून आल्यासारखं, "होय… ड्रायव्हरच." शब्द तेच होते. फक्त बोलणारी बाई निराळी वाटत होती.

त्याने ते ताईला ऐकवलं. ताईने डोळे मिटून ऐकलं आणि डोळे न उघडताच म्हणाली, "मी एक शब्द तरी बदलला का? शब्द त्यांचे आहेत."

"थांबाही त्यांचाच होता, ताई."

ती चिडली नाही, हे जास्त वाईट होतं. तिने समजावून सांगितलं. आता हे बाहेर काढलं तर लोक विचारणार, आणखी काय काय कापलंत? प्रत्येक भाग, प्रत्येक माणूस उकरून काढतील. माणूस विचार करायला थांबतो, त्याचा अर्थ तो खोटं बोलतो असा होतो का? पोलिसांकडे दुसरे पुरावे असतीलच. खटला होऊ दे, मग बघू. हे सगळं ती इतक्या मऊ आवाजात बोलली, की कात्रीला ते जवळजवळ पटलं. त्या आवाजाने शहराला पटवलं होतं, तो तर घरचाच.

भाऊजी दारात कालच्या शर्टात उभे होते. कात्रीने त्यांना विचारलं की बाईंना हे ऐकवलं तर? भाऊजींनी पॉलिसीची कलमं वाचावीत तसं सांगितलं की साक्षीदारावर दबाव आणणं गुन्हा आहे. मग म्हणाले, "आजवर नक्की काय करत होतात, तेही एकदा कोणाला तरी विचारून घ्या."

पुढचे दिवस कात्रीचे वाईट गेले. त्याला सगळीकडे फ्रिज ऐकू येऊ लागला. भाजीवाल्याला भाव विचारला आणि तो क्षणभर गप्प राहिला, तर कात्री घाम पुसायचा. जेवणाच्या ताटावर ताईने विचारलं, बरं वाटत नाही का? तो इतका वेळ काही बोलला नाही, की दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

अशातच कार्यक्रमाच्या नंबरवर एक निरोप आला. ड्रायव्हरच्या बायकोचा. तिने शिव्या दिल्या नव्हत्या, रडली नव्हती. एवढंच म्हणाली होती की त्या दुपारी नवऱ्याने गाडी धुवायला नेली होती, धुणाऱ्याला आठवत नाही, आणि बाई चांगल्या आहेत, खोटं बोलायच्या नाहीत, म्हणून तिला काही सुचत नाही. ताईने निरोप ऐकला आणि पुढच्या भागात घ्यायचा का ते नंतर ठरवू म्हणाली. सवयीने कात्रीचं बोट कापायच्या बटणावर गेलं होतं. निरोपात शेवटी बराच वेळ ती नुसतीच फोन धरून होती.

कात्रीने रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेतलं आणि ड्रायव्हरच्या वकिलाकडे दिलं. ताईला सांगितलं नाही. सांगायला तो दोनदा कपाटापर्यंत गेला होता, पण दारावर रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला होता. लाल दिवा असताना दार उघडायचं नाही हा घरचा नियम. घरचे नियम अशा वेळी फार उपयोगी पडतात.

साक्षीच्या दिवशी कोर्टात लग्नासारखी गर्दी होती. ताईला पत्रकारांच्या बाकावर जागा मिळाली आणि तिने कात्रीला शेजारी ओढून बसवलं. समोर ड्रायव्हरची पाठ दिसत होती. पलीकडच्या बाकावर त्याची बायको, मांडीवर पिशवी घट्ट धरून. कात्रीला वाटलं, आत्ता उठावं आणि ताईला खरं सांगून घरी पळावं. त्याने पाय हलवले, तेवढ्यात बाईंना बोलावलं.

बाई इस्त्रीच्या कपड्यांत, ताठ. सरकारी वकिलांनी विचारलं, आणि प्रश्न संपायच्या आत बाई म्हणाल्या, "होय, ड्रायव्हरच." अगदी पॉडकास्टसारखं. मागून कोणीतरी समाधानाने हुंकारलं.

मग ड्रायव्हरचे वकील उठले. मूळ रेकॉर्डिंग दाखल करून घेण्यावरून थोडी वादावादी झाली, ती वकिलांची वकिलांत. ताईची लिहिती पेन्सिल थांबली. स्पीकरमधून तिचाच आवाज आला. तो ड्रायव्हरच होता का?

आणि मग काहीच आलं नाही.

न्यायाधीशांनी मान वर केली. कारकून उठून वायर हलवू लागला. न्यायाधीश म्हणाले, यंत्र बंद पडलंय का? वकील म्हणाले, नाही साहेब, हेच ऐकवायचं आहे. ताईला मात्र काही सांगावं लागलं नाही. बाकीच्यांना काही ऐकूच येत नव्हतं, तेव्हा तिला फ्रिज ऐकू आला होता. तिने कात्रीचं मनगट धरलं. धरलं ते रागाने की पडू नये म्हणून, हे त्याला कळेना, आणि विचारायची सोय नव्हती. थेंब पडला. श्वास. घरघर. ड्रायव्हरची बायको तोंड उघडं ठेवून स्पीकरकडे बघत होती. कात्रीच्या बोटाला कापायची अशी उबळ आली, की त्याने हात मांडीखाली दाबला.

"होय… ड्रायव्हरच," स्पीकर म्हणाला.

बाईंच्या चेहऱ्यावरचा इस्त्रीचा ताठपणा हळूहळू उतरला. त्या म्हणाल्या, "पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. या वेळी कारकून वायरजवळ गेला नाही.

"वर्गात प्रश्न विचारला," बाई सावकाश म्हणाल्या, "आणि पोर इतका वेळ उभं राहिलं, तर मी त्याला बस म्हणायची. मग ते घाईघाईने काहीतरी ठोकून द्यायचं. उत्तर येत नसलेलं पोर असंच उभं राहतं." त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं आणि पुन्हा थांबल्या, आणि या वेळी सगळं कोर्ट त्यांच्याबरोबर थांबलं. "मी पाठ पाहिली होती. चेहरा नाही पाहिला. पाठ कोणाचीही असू शकते."

खटला काही तिथे संपला नाही. ड्रायव्हरला जामीन मिळाला, खुनी कोण ते अजून कोणाला ठाऊक नाही, आणि पोलीस नव्याने जिना चढले. बाहेर पायऱ्यांवर ड्रायव्हरची बायको कात्रीच्या शेजारून गेली. तिला तो कोण हे माहीत नव्हतं. तिने वाट मागितली, त्याने दिली.

घरी येईपर्यंत ताई बोलली नाही. चपला काढून ती सरळ कपाटात शिरली, आणि दार ओढायच्या आधी म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं."

"म्हणून नाही विचारलं."

दार बंद झालं. लाल दिवा लागला. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. त्या भागात काय कापलं गेलं होतं आणि ते कोणी कापू दिलं, हे ताईने माईकपुढे सरळ सांगितलं, कात्रीचं नाव न घेता, सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन. मग दार किलकिलं करून तिने विचारलं, बाईंचा थांबा किती ठेवायचा?

"आहे तेवढा."

"लोक बंद करतील."

"करतील."

तो भाग गेला. संध्याकाळपर्यंत निरोपांचा ढीग पडला. शिव्या होत्या, काही शाबासक्या होत्या, गादीवाल्यांचं जाहिरात काढून घेतल्याचं पत्र होतं. पण सगळ्यांत जास्त तक्रारी एकाच गोष्टीच्या होत्या. मधेच आवाज गेला, रेकॉर्डिंग बिघडलंय, दुरुस्त करून पुन्हा टाका.

भाऊजींनी मोकळ्या झालेल्या कपाटातून धुतलेला शर्ट काढला आणि तो घालता घालता विचारलं, यांना काय उत्तर देणार?

स्वयंपाकघरात फ्रिज चालू होता.