मिलिंद राजाची राणी

बेचाळीस वर्षं मी एका ग्रीक राजाबरोबर संसार केला. लोकांना वाटायचं, नवीन पनवेलच्या या फ्लॅटमध्ये विनायक आणि आशालता अशी दोनच माणसं राहतात. तिसरा होता मिनँडर. आपल्याकडे त्याला मिलिंद म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वी त्यानं तिकडे पंजाबात राज्य केलं आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर अजूनही करत होता.

यांनी शाळेत इतिहास शिकवला आणि उरलेला जीव या राजावर ओवाळून टाकला. तलवारीनं राज्य मिळवणारा माणूस एका भिक्षूपुढे बसून प्रश्न विचारतो, याचं यांना फार अप्रूप. मी प्रश्न विचारला की मात्र उत्तर ठरलेलं. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन? नंतर पाहू. एकदा करंज्याला जाऊन बोटी बघून येऊ या का? नंतर पाहू. सुशांत झाला तेव्हा त्याचं नाव मिलिंद ठेवायचं म्हणत होते. मी साफ नाही म्हटलं. घरात एक पुरे होता.

त्यात यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मुलांना लागायचं नाही, दुसऱ्या दिवशी यांचं यांनाही लागायचं नाही. ते वाचू शकणारी जगात मी एकटी. म्हणून यांच्या मिलिंदावरच्या पुस्तकाची अकरा प्रकरणं मीच स्वच्छ उतरवून काढली, कुकरच्या शिट्ट्या मोजत. बारावं, राजाच्या मृत्यूनंतरचं, कच्चंच राहिलं आणि हे गेले.

दहाव्याला आम्ही आपट्याला गेलो. पाताळगंगेच्या काठी पिंड मांडले. समोर उंबरावर पाच-सहा कावळे, पण एकही खाली उतरेना.

"बाबा, आईला मी सांभाळीन," सुशांत म्हणाला. कावळे ढिम्म.

"बाबा, मी दर महिन्याला आईकडे येऊन राहीन," अनुया म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कावळ्यांना त्याचं काही नव्हतं.

ऊन चढलं. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायची तयारी चालवली. घाटावरची व्यवस्था बघणारा काशिराम म्हणाला, "थांबा जरा. तेंच्या मनात कायतरी ऱ्हायलंय. कावला उगाच नाय अडत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय राहिलंय ते मला चांगलं ठाऊक होतं. पण बोलले असते, तर ते माझ्याच गळ्यात पडलं असतं. मी दमले होते. डोळ्यांपुढे धुकं होतं, पाय सुजले होते. मला घरी जाऊन नुसतं झोपायचं होतं. 

तेवढ्यात सुशांतनं हात जोडले. "बाबा, तुमचं पुस्तक आई पुरं करेल."

एक कावळा सरळ खाली आला आणि भात घेऊन गेला. सगळ्यांनी हुश्श केलं. अनुयानं मला मिठी मारली. शब्द दिला एकानं, राबायचं दुसरीनं! मला लेकाचा राग आला, आणि त्या मेल्या कावळ्याचाही.

तेरावं झालं, मुलं आपापल्या घरी गेली. मी भिंग घेऊन बाराव्या प्रकरणाला बसले. दिवसाला दोन पानं लागायची, मग डोकं ठणकायचं. राजा म्हणे छावणीत मेला. त्याच्या अस्थी कुणी न्यायच्या यावरून शहरं भांडली, शेवटी सगळ्यांनी सारखी वाटणी केली आणि आपापल्या गावी त्यावर स्मारकं बांधली. यांनी हे इतक्या मायेनं लिहिलं होतं की माझा राग उतरायला लागला. वाटलं, जाऊ दे, एवढं एक उतरवून टाकू.

शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलीनं काहीतरी होतं. मी पान खिडकीशी नेलं. 'राणी अगाथोक्लिया. राजामागे धाकट्या मुलासाठी राज्य बहुधा हिनंच सांभाळलं. नंतर पाहू.'

मी पुन्हा वाचलं. अक्षर कसंही असो, माझं वाचण्यात चुकत नाही.

मग मी रडले. यांच्यासाठी, तिच्यासाठी, माझ्यासाठी, कुणासाठी ते ठाऊक नाही. दहाव्याला आलं नव्हतं ते रडू तेव्हा आलं. तोंड धुऊन कागद दोरीनं बांधले, कपाटात ठेवले आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून मंगळवारची वेळ घेतली.

संध्याकाळी सुशांतचा फोन आला. "आई, कुठवर आलं? कावळ्याला शब्द दिलाय आपण."

"आपण नाही. तू."

"अगं, पण ते अक्षर तुझ्याशिवाय कुणाला लागणार? बाराव्या प्रकरणाचं काय मग?"

"नंतर पाहू," मी म्हटलं.